साडेचाळीस मिलिमीटरचे आठ तुकडे: कोॲक्स केबलपासून वाय-फायचा अँटेना

घरात गुंडाळी करून ठेवलेली टीव्हीची केबल घेऊन हा उद्योग सुरू करू नका. ती आरजी-६ जातीची कोॲक्स केबल असते: मधे एक तार, तिच्याभोवती पांढरं प्लॅस्टिक, त्यावर धातूची जाळी आणि बाहेरून आवरण. तिची जाळी ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियमवर नेहमीचं सोल्डर धरतच नाही. कितीही पेस्ट लावा, गोळा होतो आणि घरंगळतो. मधली तारही बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. नव्वदच्या दशकात मी इंदूरला रामबाग-नारायण बागेच्या पट्ट्यात केबल टीव्हीच्या लाइनी ओढायचो, आता सीसीटीव्ही बसवतो. आरजी-६ इतकी हाताखालून गेली आहे की तिच्याविषयी माझ्या मनात राग नाही. ती कनेक्टर दाबून बसवण्यासाठी केलेली केबल आहे, सोल्डरसाठी नाही, एवढंच.

हवी ती आरजी-५८. पन्नास ओमची, बोटभरसुद्धा जाड नाही, बाहेरून पाच मिलिमीटर. जाळी कल्हई केलेल्या तांब्याची, आत भरीव पॉलिथिन आणि मधोमध बारीक तारांचा पीळ. इंटरनेट कॅफेंच्या पहिल्या काळात संगणक एकमेकांना याच केबलनं जोडायचे, मागे बीएनसीचे टी-कनेक्टर लावून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८५ मीटरची मर्यादा असायची. ते कॅफे उठले, केबल आमच्यासारख्यांच्या माळ्यावर आली. तुमच्याकडे नसेल तर महाराणी रोडला विचारा. दुकानदार आधी म्हणेल, "भिया, ये तो अब कौन लेता है," मग आतून काढून देईल. दोन मीटर पुष्कळ झाली. घेताना एक टोक सोलून आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये नख रुतवून बघा. नख सहज रुतलं, तर ते फोम आहे आणि खाली दिलेली सगळी मापं चुकतील. भरीव पॉलिथिनवर जेमतेम ओरखडा उठतो.

हा अँटेना कोणाच्या उपयोगाचा, ते आधीच सांगतो. आमचा वाडा जुन्या पद्धतीचा, पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब. फायबरची तार पुढच्या खोलीत येते, राउटर तिथेच. मधे चौक, आणि चौकापलीकडच्या खोलीत वहिनी मुलांच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. भिंती दीड-दीड हात जाड. अशा एकाच मजल्यावर लांबवर पसरलेल्या घराला हा अँटेना चांगला. तीन मजली घरात तळाशी राउटर ठेवून गच्चीवर सिग्नल हवा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, आहे त्याहून वाईट होईल. कारण अँटेना स्वतःची ताकद काही निर्माण करत नाही. कणकेचा गोळा तेवढाच असतो, लाटला की पोळी आडवी पसरते आणि उंची जाते. आपल्या अँटेनाची उभ्या दिशेतली झेप साधारण वीस अंशांचीच राहते.

आता साडेचाळीस मिलिमीटर आले कुठून? वाय-फायचा जुना पट्टा २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ. मधली वारंवारता २.४४२ धरली तर हवेतली तरंगलांबी १२२.८ मिमी, तिची अर्धी ६१.४ मिमी. पण केबलच्या आत लहर पॉलिथिनमधून जाते आणि तिथे तिचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट होतो. म्हणून केबलमधली अर्धी तरंगलांबी ६१.४ गुणिले ०.६६, म्हणजे ४०.५ मिमी.

अर्ध्या तरंगलांबीवर लहर उलटी होते. आपण नेमकं त्याच जागी केबल तोडतो आणि उलटी जोडतो: एका तुकड्याची मधली तार पुढच्याच्या जाळीला, आणि पुढच्याची मधली तार मागच्याच्या जाळीला. उलट्याचं उलट म्हणजे सुलट. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या जाळीवरचा बाहेरचा प्रवाह एकाच तालात चालतो, आणि आठही तुकड्यांचं प्रसारण आडव्या दिशेत एकमेकांत मिळतं. ही युक्ती अमेरिकेतल्या हॅरल्ड व्हीलर यांनी १९५६ साली मांडली. पुढे वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या रडारांसाठीही तिचा वापर झाला, अर्थात तिथे तुकडे काही मीटरचे.

आपले तुकडे बोटाच्या दोन पेऱ्यांएवढे, आणि खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक तुकडा एकेक मिलिमीटरनं आखूड झाला तर अँटेना साधारण ६० मेगाहर्ट्झ वर सरकतो. पूर्ण पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा. म्हणजे एका मिलिमीटरच्या हलगर्जीपणात पहिल्या चॅनेलवरचा माणूस बाराव्या-तेराव्यापर्यंत जातो. म्हणून फूटपट्टी बाजूला ठेवा आणि वर्निअर घ्या. प्लॅस्टिकचा स्वस्तातला डिजिटल चालेल, सियागंजात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

कापणीची पद्धत अशी. केबलचे ५२.५ मिमीचे सात तुकडे करा आणि आठवा त्याहून २३ मिमीनं लांब घ्या; त्याच्या एका टोकाला तार जास्त उघडी ठेवायची आहे, ती का ते पुढे सांगतो. पक्कडीनं तोडू नका. पक्कड केबल चपटी करते आणि मग जाळी गोल बसत नाही. धारदार कटर, खाली लाकूड, केबल गोल फिरवत कापायची. नंतर दोन्ही टोकांना सात-सात मिमीपर्यंत मधली तार उघडी करायची. मधे जाळीची लांबी बरोबर साडेअडतीस मिमी उरली पाहिजे. बाहेरचं काळं आवरण दोन्ही बाजूंनी आणखी सहा-सहा मिमी काढा, म्हणजे जाळीचा कडेचा भाग सोल्डरसाठी मोकळा होईल. मधे आवरण राहू द्या, ते जाळीला धरून ठेवतं. पांढरं पॉलिथिन मात्र जाळीच्या कडेपेक्षा केसभर, म्हणजे अर्धा मिमी पुढे ठेवायचं. हा अर्धा मिमी नसला की जाळीतला एखादा सुटा केस मधल्या तारेला टेकतो आणि सगळं शॉर्ट.

आठ तुकडे एका बैठकीत, एकाच कटरनं, एकाच मापावर करा. निम्मे आज आणि निम्मे उद्या असं केलंत की उद्याचे वेगळे होतात. आणि चुकायचंच असेल तर सगळे तुकडे सारखे चुकू द्या. सारखी चूक म्हणजे अँटेना थोडा वर-खाली सरकला, पुढच्या खेपेला सुधारता येतो. एक लांब, एक आखूड झाला तर ताल बिघडतो, मग काहीच हाती लागत नाही.

आता प्रत्येक तुकड्याच्या उघड्या जाळीवर सोल्डरचा पातळ थर चढवून घ्या, पिळाच्या तारांवरही. इथे बरेच जण नाजूक काम म्हणून २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घेतात, आणि तिथेच फसतं. पॉलिथिन साधारण ११० अंशांना वितळतं, सोल्डर १८३ च्या पुढे. कमी ताकदीचं आयर्न जाळी तापवायला वेळ लावतं, तेवढ्यात आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि मधली तार एका अंगाला सरकते. साठ वॅटचं घ्या, टोक घासून चकचकीत करा, राळ लावा, दोन-तीन सेकंदांत काम उरका आणि लगेच ओलं फडकं टेकवा. शंका असेल तर एका टाकाऊ तुकड्यावर करा आणि तो मधून आडवा कापून बघा. तार बरोबर मध्यभागी दिसली पाहिजे.

जोडणी हा या सगळ्या कामाचा गाभा, म्हणून सावकाश सांगतो. दोन तुकडे एका रेषेत ठेवून मधल्या तारा वाकवून एकमेकांच्या जाळीवर चढवायला गेलात तर दोन मिमीच्या फटीत तारांची फुली होईल आणि त्या टेकतील. तसं करायचं नाही. एकाआड एक तुकडा थोडा वर उचलायचा. पहिला तुकडा लाकडी पट्टीवर सपाट ठेवा. दुसऱ्याच्या खाली जुन्या एटीएम कार्डाच्या कापलेल्या तीन पट्ट्या सरकवा. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, तीन मिळून २.३ मिमीच्या आसपास. एवढ्यानं काय होतं बघा: पहिल्याची मधली तार न वाकता सरळ जाऊन दुसऱ्याच्या जाळीला खालून टेकते, आणि दुसऱ्याची मधली तार तितकीच सरळ येऊन पहिल्याच्या जाळीला वरून टेकते. दोन्ही तारा एकमेकींना समांतर, मधे मोकळी हवा. तिसरा तुकडा पुन्हा सपाट, चौथा कार्डांवर. बाजूनं पाहिलं तर तुकडे आलटून पालटून वर-खाली दिसतील, पण एकूण काठी सरळच राहते.

हे हातात धरून होत नाही. हातभर लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर पेन्सिलीनं दर ४०.५ मिमीवर रेघ मारा. प्रत्येक रेघ म्हणजे फटीचा मध्य; रेघेच्या दोन्ही बाजूंना जाळीची कड एकेक मिमीवर आली पाहिजे. मापं प्रत्येक वेळी मागच्या रेघेपासून घेऊ नका, सगळी पहिल्या रेघेपासून घ्या: ४०.५, ८१, १२१.५, १६२, असं ३२४ पर्यंत. नाहीतर रेघेगणिक अर्धा-पाव मिमी साचत जातो. तुकडे जागेवर राहावेत म्हणून दोन्ही अंगांना बारीक खिळे किंवा टाचण्या. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानं थ्री-डी प्रिंटरवर साचा काढून आणला. देखणा होता, पण आयर्न लागताच त्याच्या कडा पाघळल्या. लाकूडच बरं.

जोडाच्या ओळीत सर्वांत खाली तुमची फीडची केबल येते, म्हणजे राउटरला अँटेनाशी जोडणारी. तीही आरजी-५८च, साधारण ३० सेंटीमीटर. तिचं वरचं टोक तुकड्यांसारखंच सोला आणि पहिल्या तुकड्याशी तसंच उलटसुलट जोडा. मग दुसरा, तिसरा. आठव्या तुकड्याच्या वरच्या टोकाला मधली तार सात मिमी नव्हे, ३० मिमी उघडी ठेवायची, म्हणजे तो एक तुकडा कापतानाच २३ मिमीनं लांब घ्यायचा. ही पाव तरंगलांबीची शेंडी. पिळाच्या तारेला पूर्ण सोल्डर पाजलं की ती ताठ उभी राहते.

प्रत्येक जोडानंतर मल्टीमीटर लावा. सगळं झाल्यावर तपासू म्हटलंत तर चूक कुठल्या जोडात आहे हे शोधताना वैताग येईल. मीटर बीपवर ठेवा. फीडची मधली तार पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या तुकड्याच्या जाळीशी आणि वरच्या शेंडीशी वाजली पाहिजे. फीडची जाळी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्याच्या जाळीशी. आणि फीडची तार व फीडची जाळी या दोघींमध्ये कधीच आवाज येता कामा नये. आला, तर शेवटचा जोड भिंगाखाली बघा. बहुधा जाळीचा एक केस सुटलेला असतो.

खालच्या टोकाला एक बाही लागते, नाहीतर फीडची केबलच बाहेरून प्रसारण करू लागते आणि तुम्ही केबल हलवलीत की सिग्नल नाचतो. बाहीसाठी ३१ मिमीची पितळी नळी हवी, आतून केबल सैल जाईल अशी. जुन्या ट्रान्झिस्टरच्या ओढून लांब करायच्या अँटेनाचा सर्वांत जाड टप्पा चालतो. त्यावर क्रोमचा मुलामा असतो आणि क्रोमवर सोल्डर धरत नाही, तेव्हा जिथे सोल्डर लागायचं तिथे कानसीनं पितळ उघडं पाडा. नळी पहिला जोड करण्याआधीच केबलमध्ये ओवून ठेवायची. तिचं वरचं तोंड फीडच्या जाळीच्या वरच्या कडेशी आणून जाळीला सोल्डर करा. मधली पोकळी तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे घालून भरा. खालचं तोंड मोकळं. तिथे सोल्डर गेलं तर बाहीचा उपयोग शून्य.

आता काठी पट्टीवरून उचलायची. इथे ती फार हळवी असते, जोडांवर वाकते. एका बांबूच्या कामटीला किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीला धाग्यानं बांधा आणि मग वायरिंगच्या पीव्हीसी पाइपात सरकवा. कोणताही पाइप चालत नाही. काहींत भरीला काय काय घातलेलं असतं. सोपी परीक्षा: मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. पाइपचा बोटभर तुकडा आणि शेजारी कपभर पाणी, अर्धा मिनिट फिरवा. पाणी कोमट आणि तुकडा थंड, तर पाइप पास. तुकडाच गरम लागला तर तो सिग्नल खातो. पाण्याचा कप विसरू नका, रिकामा ओव्हन चालवला तर बिघडतो. आणि ही परीक्षा घरातल्यांना विचारून करा.

पाइपचं वरचं टोक टोपी आणि सिलिकॉननं बंद, खालचं टोक पूर्ण बंद करायचं नाही. आत घाम धरतो, तो खाली गळून जायला वाट हवी. अँटेना उघड्यावर लावणार असाल तर हे जून उजाडायच्या आत करून ठेवा. राजवाड्याकडे गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, वाटेवर घर असेल तर रंगपंचमीच्याही आत, कारण त्या पंपांचा रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो.

राउटरकडचा भाग थोडक्यात. अँटेना फिरवून काढता येतो असाच राउटर लागतो. इंटरनेट कंपनीनं दिलेला, अँटेना घट्ट बसवलेला राउटर फोडू नका. तो त्यांचा आहे. एखादा जुना राउटर घ्या आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पहिल्याला तारेनं जोडून नुसतं वाय-फाय पसरवणारा म्हणून, जोडा. घरगुती राउटरवर बहुतेक आरपी-एसएमए जोड असतो: बाहेरून आटे आणि मधे पिन. त्याला लागणाऱ्या केबलच्या जोडात मधे भोक असतं. साधा एसएमए आणलात तर पिनीसमोर पिन येते, आणि जोर लावून आवळलंत की राउटरचा जोड कामातून जातो. दुकानात मधे भोक आहे का, ते डोळ्यांनी बघून घ्या, नावावर जाऊ नका.

आणि माझं एक ठाम मत: लांब केबल लावू नका. या वारंवारतेला आरजी-५८ दर मीटरला साधारण एक डीबी खाते (डीबी म्हणजे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप). आपला अँटेना चांगला झाला तर सहा डीबीआयच्या आसपास लाभ देतो; अँटेना सिग्नल एका दिशेत किती एकवटतो ते डीबीआय सांगतं. राउटरसोबतचा साधा दांडा, खरं मोजलं तर, दोनाच्या जवळ. म्हणजे कमाई चार डीबीची, अडीच पट. पाच मीटर केबल घालून अँटेना चौकात टांगलात तर कमावलेलं सगळं केबलनं खाल्लं, वर पदरचंही गेलं. लांब न्यायचीच असेल तर नेटवर्कची लॅन केबल न्या आणि ॲक्सेस पॉइंटच अँटेनाखाली ठेवा. याच हिशोबानं बाजारातल्या वीतभर दांड्यावर छापलेल्या "९ डीबीआय"वर विश्वास ठेवू नका. सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या अँटेनात लाभ लांबीतून येतो, आणि वीतभर लांबीत नऊ मावत नाहीत.

मोजायचं कसं? तीन गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना कुठल्या वारंवारतेला जुळतो ते आलेखात दाखवणारं छोटं यंत्र, कोणाकडे असेल तर उत्तम; आलेखातला खड्डा २.४ ते २.४८ च्या मधे आला की झालं. खड्डा वर सरकला असेल तर तुकडे आखूड, खाली असेल तर लांब. तो नसेल तर फोनवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं ॲप घ्या. फोन एकाच जागी, स्टुलावर ठेवा, हातात धरू नका. अंगातलं पाणी सिग्नल शोषतं. जुना अँटेना लावून मिनिटभर आकडा बघा, मग नवा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला; उणे ७४ चा उणे ७० झाला तर काम झालं. अँटेना उभाच ठेवायचा, आणि पाण्याच्या टाकीपासून व लोखंडी गजांपासून हातभर तरी लांब. वहिनींच्या खोलीत एवढ्यानं चित्र अडकायचं थांबलं, कारण तिथला सिग्नल काठावरच होता. मुळात चांगला असता तर फरक कळलाही नसता.

राउटरला दोन अँटेना असतील तर एकच बदलून पल्ला थोडा वाढतो, पण वेगासाठी दोन्ही बदलावे लागतील. दोघांत १२-१५ सेंटीमीटर अंतर ठेवा. पाच गिगाहर्ट्झसाठी हीच युक्ती चालते, पण तुकडा अठरा मिमीचा होतो, आणि तिथे हातकामाची हद्द संपते असं माझं मत.

कायद्याचंही बघून ठेवा. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला, पण मर्यादांसह: यंत्राची ताकद एक वॅटपर्यंत, अँटेनाचा लाभ धरून चार वॅट, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून पाच मीटरच्या आत. शंभर मिलिवॅटच्या राउटरला सहा डीबीआय लावले तर चारशे मिलिवॅट होतात, म्हणजे आपण बरेच आत आहोत. बाजारातले ताकद वाढवणारे बूस्टर मात्र लावू नका. ते शेजाऱ्यांच्या वाय-फायचा सत्यानाश करतात आणि तुमचा फोन काही तितक्याच जोरात उत्तर देऊ शकत नाही.

गच्चीवर लावलात तर वीज कडाडायला लागताच राउटरकडचा जोड फिरवून काढून ठेवा, आणि लॅनची तारही.